कडता

तुर्भ्याच्या ऑफिसात मी करार तपासतो.
ऑलिव्ह तेल, न्हावाशेवा बंदर, तीनशे टन.
कलम अकरा : वाटेतली गळती, शेकडा अर्धा, ग्राह्य.
कलम बारा : टाकीच्या तळाला चिकटून राहिलेलं तेल कोणाचं
याबद्दल दोन्ही पक्ष गप्प.
असल्या गप्पपणावर बोट ठेवायचा मला पगार मिळतो,
आणि बोट ठेवलं की आठवतो एलोजी,
ज्याला मी पाहिलेलं नाही.

फिरंग्यांच्या अमदानीतलं ठाणं.
खाडीकाठी घाणा, बैलाच्या डोळ्यांवर झापड,
सहा दिवस करकर, शनिवारी शांत.
गिऱ्हाइकं कुरकुरायची, शनवारी तेल नाही म्हणजे काय?
मग शुक्रवारी एलोजी प्रत्येकाला एक पळी जास्त ओतायचा.
ती पळी कुठल्याच हिशेबात नाही.

एका माघात, इगर्जीच्या दिव्यासाठी,
लिस्बनहून गोवा, गोव्याहून वसई,
वसईहून पोशा कोळ्याच्या होडीतून
जैतुनाच्या तेलाच्या सहा बरण्या धक्क्याला लागल्या.
लाखेची मोहोर शाबूत,
आणि तेल गळ्याच्या चार बोटं खाली.

कप्तानाकडे कागद होता.
वखारीकडे कागद, जकातीच्या चौकीकडे कागद, वर दोन शिक्के.
इगर्जीचा कारभारी बस्त्यांव तर सुरळी काखेत घेऊनच झोपायचा.
रुमालाखाली बोटं धरून सौदे करणारा भिकू शेणवी म्हणाला,
"माझी दलाली भरल्या बरणीवर.
रिकामी झाली ती माझ्या माघारी."
पोशाकडे कागद नव्हता.
म्हणून चोर पोशा.

त्याची होडी साखळीने बांधली. अकरा दिवस
ओहोटीला ती चिखलात कलंडायची,
भरतीला उठून साखळी ताणायची,
आणि धक्क्याचा रोजचा आकार पोशाच्याच नावावर चढायचा.

शेवटी कुणीतरी म्हणालं, तेल्याला विचारा.

एलोजीने कागद बघितले नाहीत.
(ती लिपी त्याला येत नव्हती, हेही खरं.)
बरणीच्या पोटावरून पालथा हात फिरवला, हुंगला.
एक बरणी रिती करून घेतली आणि फोडली.
खापराची कड उजेडात धरली :
बाहेरून मातकट,
आतून अर्ध्यापर्यंत काळपट, ओली.
"नवं मडकं. प्यालंय.
आम्ही नव्या भांड्याला आधी वर्षभर हलकं तेल पाजतो,
मग विक्रीचं भरतो.
तुमच्या कागदात मडक्याची तहान लिहिलीय?"

बस्त्यांवने सुरळी उलगडली.
वादळ होतं, चाचे होते, उंदीरसुद्धा होते.
तहान नव्हती.

होडी सुटली.
धक्क्याचा आकार सुटला नाही,
तो पोशाने शिमग्यापर्यंत सुकट विकून फेडला.

एलोजीने मजुरी मागितली नाही, खापरं मागितली.
बस्त्यांव हसला. ने, म्हणाला.

गुरुवारी ती कढत पाण्यात बुडवून
वर आलेला तवंग त्याने पळीने काढला :
पावशेराला थोडा कमी, हिरवट,
वास कच्च्या पानाचा, अनोळखी.
शुक्रवारी दिवेलागणीला तिळाच्या जागी तेच घातलं.
आबाई म्हणाली, धूर कमी आहे.
एवढंच.
ज्या मुलखातून आपलं गलबत निघालं आणि नवगावला फुटलं
तिथे हेच तेल जळायचं, असं कुणी कुणाला सांगितलं नाही.
सांगणाऱ्या पोथ्या समुद्रात गेल्या होत्या.

आमच्याकडे ही गोष्ट घासाघीस करत सांगतात.
काका बरण्या नऊ करतो,
आत्याच्या हिशेबात पोशाला आकार माफ झाला.
मी माफ करत नाही.

कलम बारापाशी पेन्सिलने लिहितो :
तळाशी उरलेलं, ते धुऊन काढणाऱ्याचं.
साहेब खोडतात.
पुढच्या करारात मी पुन्हा लिहितो,
जरा फिकट.